माहितीची परतीची वाट

‘लोकसहभाग’ हा शब्द ज्यात नाही, असा पर्यावरणविषयक शासकीय कागद आता शोधूनही सापडत नाही. हा शब्द कागदावर आला याचा आनंद आहेच, परंतु माझे आयुष्य लेखापरीक्षणाच्या नोकरीत गेल्यामुळे कोणतीही नोंदवही समोर आली की मी आधी दोनच गोष्टी पाहतो: नोंद कोणी केली आणि नंतर ती कोणी वाचली. निवृत्तीनंतर नागपूरच्या तलावांविषयीच्या आणि नाग नदीविषयीच्या बैठकांना जाऊ लागलो, तेव्हा ही सवय माझ्यासोबत तिथेही आली. तिच्यामुळे माझे जे मत बनले ते येथे मांडतो. अनेकांनी मिळून नदी, तलाव किंवा जंगल सांभाळायचे असेल तर माहिती गोळा करणे हा त्यातला तुलनेने सोपा भाग असतो. ज्यांच्याकडून ती घेतली त्यांच्याकडे ती समजेल अशा रूपात परत जाणे, त्यांना तिच्यातील चूक दाखवता येणे आणि त्या दुरुस्तीनंतर निर्णय बदलणे, हा खरा अवघड भाग आहे, आणि आपली बहुतेक कामे तिथेच अडतात.

नागपूरला ज्ञानाची टंचाई आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. पाणी, सांडपाणी आणि हवा यांवर संशोधन करणारी नीरी ही संस्था 1958 मध्ये येथे स्थापन झाली. तेव्हा तिचे नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था असे होते आणि 1974 मध्ये ते बदलले. देशभरातील मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय ब्युरोचे मुख्यालय अमरावती मार्गावर आहे. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून राज्याचे नकाशे तयार करणारे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र अंबाझरीच्या बाजूलाच आहे, आणि महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालयही मुंबई-पुण्यात नसून आपल्याच गावात आहे. माती, पाणी, आकाशातून दिसणारी जमीन आणि तिच्यावरचे जीव, या साऱ्यांचे जाणकार एका शहरात, रिक्षाने जाण्याच्या अंतरावर बसलेले असण्याचा योग फार थोड्या शहरांना लाभतो.

तरीही 23 सप्टेंबर 2023 ची पहाट उजाडली. अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांमध्ये, अंबाझरी ले-आउटपासून सीताबर्डीपर्यंत, लोक झोपेत असताना पाणी घरात शिरले. त्यानंतर काठाची तोडफोड, पात्रातील अडथळे, सांडव्यासमोरील बांधकाम, गाळ अशा कारणांची पुष्कळ चर्चा झाली. बाधित रहिवाशांची याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेली आणि महानगरपालिका, सुधार प्रन्यास, पाटबंधारे खाते, जिल्हा प्रशासन अशा सर्वांना एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एका ठिकाणी यावे लागले. दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मला खटकते ते वेगळेच. पावसाचा अंदाज एका कार्यालयाकडे होता, तलावाच्या पाळीची माहिती दुसऱ्याकडे, पात्राच्या रुंदीचे नकाशे तिसऱ्याकडे. आणि सांडव्यावरचे पाणी कोणत्या पावसात कुठल्या गल्लीपर्यंत पोहोचते, हे सकाळी तलावावर फिरायला येणाऱ्या आणि चाळीस-पन्नास वर्षे त्या भागात राहिलेल्या माणसांना ठाऊक होते. या शेवटच्या माहितीसाठी कोणत्याही नोंदवहीत रकाना नव्हता. शहाण्या यंत्रणा आणि शहाणी माणसे असलेल्या शहरात शहाणपणाची बेरीज होत नाही, ती अशी.

ही गोष्ट शहराच्या हद्दीपाशी संपत नाही. लाव्हा परिसराच्या टेकड्यांतून निघणारी नाग नदी शहरभराचे सांडपाणी घेऊन पूर्वेला जाते, गोरेवाड्याकडून येणारी पिवळी नदी तिला मिळते, पुढे ती कन्हानमध्ये विसर्जित होते आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला भेटते. तिथून खाली गोसीखुर्दचा जलाशय आहे, ज्याची पायाभरणी 1988 मध्ये झाली. म्हणजे धरमपेठेतील मोरीतून गेलेले पाणी काही दिवसांनी भंडारा जिल्ह्यातील मासेमाराच्या जाळ्याखालून वाहते. आपण सोडलेल्या पाण्याचे काय होते हे सगळ्यात बारकाईने पाहणारी माणसे तिथे आहेत: पाण्याचा रंग केव्हा बदलला, जलपर्णी कुठून कुठे सरकली, कोणता मासा जाळ्यात येईनासा झाला, जाळे धुतल्यावर हाताला खाज केव्हा सुटते. नाग नदीच्या शुद्धीकरणाच्या चर्चेत मात्र ही माणसे ‘बाधित’ म्हणून येतात, जाणकार म्हणून येत नाहीत. ज्या पाण्याची सर्वांत जास्त निरीक्षणे त्यांच्याकडे आहेत, त्या पाण्याविषयीचा अहवाल त्यांना वर्तमानपत्रातून कळतो.

शहराच्या बाजूने एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. भांडेवाडीच्या केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची व्यवस्था झाली आहे आणि दररोज 130 दशलक्ष लिटर पाण्याची ती योजना देशात पुष्कळ वाखाणली गेली. शहराला पाणी पुरवणाऱ्या पेंच धरणाचे तेवढे पाणी वाचले, हे खरेच आहे. पण दोन यंत्रणांचे परस्परांशी पाण्याचे मोजमाप जमणे सोपे असते, कारण दोन्हीकडे मीटर असतो, करार असतो आणि देयक असते. मीटर नसलेल्या माणसाशी कसे जमवायचे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर नागपूरहून पूर्वेकडे, भंडारा-गोंदियाच्या तलावांकडे जावे लागते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने या प्रदेशात तलाव बांधले. जमिनीचा उतार, पाण्याची आवक आणि धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, यांचे इतके नेमके गणित त्यांनी बसवले की पूर्व विदर्भात अशा तलावांची आणि बोड्यांची, म्हणजे छोट्या तळ्यांची, संख्या हजारांत गेली. ब्रिटिश काळात ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि लोक त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव म्हणू लागले. मालगुजारी जायलाच हवी होती. तिच्याविषयी हळहळण्याचे मला काही कारण दिसत नाही. पण तिच्यासोबत गाळ कोणी कोणत्या महिन्यात काढायचा, पाळ कोणी दुरुस्त करायची, कोणत्या बांधीला आधी पाणी, या साऱ्यांची गावात बसलेली व्यवस्थाही मोडली आणि तिच्या जागी आलेल्या कार्यालयाला तलाव म्हणजे क्षेत्रफळ आणि सिंचनक्षमता एवढेच दिसले.

पुढे मासेमारीसाठी रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. त्यातून काही वर्षे उत्पन्न मिळाले, पण स्थानिक मासे कमी होत गेले, आणि तलावांत बेशरम हे बाहेरून आलेले झुडूप माजले. अर्जुनी मोरगावच्या परिसरात काम करणाऱ्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने या प्रश्नाला हात घातला तो मासे मोजून थांबण्यासाठी नव्हे. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी परंपरेने मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातील जुन्या जाणत्यांकडे गेले आणि कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणता चिखलात राहतो, कोणता वरच्या थरात, हे विचारू लागले. ढिवरांच्या सांगण्यात मासा कधी एकटा येतच नव्हता. त्याच्यासोबत नेहमी एखादी पाणवनस्पती, एखादा ऋतू आणि तलावातील एखादी ठरावीक जागा येत होती. मत्स्यविभागाच्या तक्त्यात मासा एका ओळीत आणि वनस्पती ‘तण’ या शीर्षकाखाली होती. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा प्रश्न दिसू लागला: मासे कमी झाले कारण त्यांची घरे गेली होती.

मग काम तसेच झाले. उन्हाळ्यात तलावाचे पात्र उघडे पडल्यावर बेशरम मुळासकट काढायची, पात्राचा काही भाग नांगरायचा आणि पाऊस लागण्याच्या सुमारास स्थानिक पाणवनस्पती लावायच्या. पाण्यात धान लावल्यासारखे हे काम ढिवर स्त्रियांनी मोठ्या प्रमाणावर केले, आणि मासेमारांच्या ज्या सहकारी सोसायट्यांमध्ये त्यांना पूर्वी बोलायलाही जागा नव्हती तिथे त्यांचे म्हणणे ऐकले जाऊ लागले. ज्या तलावांत असे काम झाले तिथे स्थानिक मासे आणि पाणपक्षी परतल्याच्या नोंदी आहेत. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचे वाटते ते असे की वनस्पतीचे शास्त्रीय नाव वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराने दिले, तिचा उपयोग ढिवराने सांगितला, आणि ती टिकली की नाही हे पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी एकाच पात्रात उभे राहून पाहिले. सांगणारा आणि लिहिणारा यांच्यात पडताळणीचा संबंध राहिला. लेखापरीक्षणाच्या भाषेत बोलायचे तर आक्षेपही तिथेच निघाला आणि अनुपालनही तिथेच झाले.

अशा पडताळणीला रचना द्यावी लागते आणि ती रचना गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने जितकी स्पष्ट केली तितकी दुसऱ्या कोणी केल्याचे मला तरी आठवत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, हे बऱ्याच जणांना माहीत असते. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणाही माहीत असते. त्यामागील अभ्यास गटाची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. गावाचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून तिथे दोन वेगळ्या जागा तयार झाल्या. अभ्यास गटात ज्याला रस असेल तो येतो, बाहेरचा जाणकारही येतो, वाद होतात, माहिती पारखली जाते. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही सर्वसहमतीने, आणि बाहेरच्या माणसाला त्यात मत नसते. मधमाश्या न मारता मध काढण्याची पद्धत अशाच शोधातून गावाने रुजवली.

ही विभागणी दिसते तेवढी साधी नाही. आपल्याकडील बैठकांमध्ये तज्ज्ञ सल्ला देता देता निर्णय घेऊन मोकळा होतो, किंवा लोकप्रतिनिधी निर्णय आधी घेतो आणि तज्ज्ञाकडून त्याला माहितीचे कपडे चढवून घेतो. अभ्यास आणि निर्णय यांच्या जागा वेगळ्या असल्या की तज्ज्ञाला मोकळेपणाने ‘माझे चुकले’ म्हणता येते आणि गावालाही तज्ज्ञाचे न ऐकण्याचा अधिकार राहतो. अर्थात सर्वसहमतीला वेळ लागतो, आणि तीन-साडेतीन लाखांच्या प्रभागसमूहाला मेंढा-लेखाचे माप जसेच्या तसे लावता येणार नाही, हे मान्यच आहे.

गावागावांचे जाळे कसे विणले जाते याचे उदाहरण तेंदूपत्त्याने दिले. आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा आणि वनहक्क या कायद्यांच्या आधारे गडचिरोली-गोंदियातील ग्रामसभांनी तेंदूची विक्री स्वतः करायचे ठरवले, तेव्हा एकट्या गावाला ठेकेदाराशी बोलणी करणे कठीण होते. मग ग्रामसभा एकत्र आल्या. गडचिरोलीतील कोरची तालुक्यात अशा ग्रामसभांची महाग्रामसभा उभी राहिली. निविदा कशी काढायची, करारात कोणती अट हवी, पुड्यांची मोजणी कशी ठेवायची, हे एका गावाने दुसऱ्याला शिकवले. विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेसारख्या नागपूरच्या संस्थांनी कागदपत्रांची बाजू सांभाळली. येथे जाळे टिकले, कारण शिकलेल्या गोष्टीचा उपयोग त्याच हंगामात हातात पडलेल्या रकमेत दिसत होता. माहितीला भाव मिळाला की तिची देवाणघेवाण कोणाला आग्रहाने सांगावी लागत नाही.

याउलट जैवविविधता नोंदवह्यांचे झाले. 2002 च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही बंधनकारक केली, डॉ. माधव गाडगीळ यांनी मांडलेली मूळ कल्पना अशी होती की लोकांनी आपल्या परिसराचे ज्ञान स्वतः नोंदवावे आणि त्याच्या आधारे त्याचे व्यवस्थापनही करावे. बरीच वर्षे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून पुढे दंडाची तरतूद केली, आणि देशातील नोंदवह्यांची संख्या बघता बघता काही हजारांवरून दोन लाखांच्या पुढे गेली. एवढ्या वेगाने कोणत्या दर्जाच्या नोंदी होतात, हे सांगायला मोठा तज्ज्ञ लागत नाही. पूर्व विदर्भातील अशा काही नोंदवह्या मी चाळल्या आहेत. एका गावाच्या यादीत शेजारच्या गावाचीच झाडे त्याच क्रमाने, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसह उतरलेली पाहिली तेव्हा जुन्या नोकरीची आठवण झाली. नोंदवही गावाच्या नावाची होती, कपाट पंचायतीचे होते, आणि किल्ली ग्रामसेवकाकडे. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मान्यता देऊन त्याची अंमलबजावणी जैवविविधता मंडळाकडे सोपवली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. त्या कोशातील प्रत्येक नोंदीची एक वाट माहिती देणाऱ्याच्या दारापर्यंत परत जाते का, एवढेच माझ्यासारख्याने पाहत राहायचे.

ही मागणी केवळ सौजन्याची नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांनी अल्प शिक्षण आणि तुटपुंजी जमीन असताना शेतातील वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षे जपून ‘एचएमटी’ हे धानाचे वाण सिद्ध केले. ते विदर्भाबाहेरही पसरले. त्याच्याच शुद्ध केलेल्या रूपाला कृषी विद्यापीठाच्या वाणांच्या यादीत जागा मिळाली. दादाजींना 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला आणि 2018 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा उपचाराच्या खर्चाची ओढाताण वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचली. नागपूरच्या किती घरांत हा तांदूळ शिजला असेल! ज्ञान पुढे गेले, व्यापार वाढला, श्रेय आणि मोबदला मात्र मूळ बांधीपर्यंत पोहोचला नाही. असे एकदा झाले की पुढच्या वेळी जाणता माणूस तोंड मिटून घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

स्थानिक ज्ञान म्हणजे सारेच खरे, असा भाबडा समज मात्र मी बाळगत नाही. बेशरमीचे कुंपण आपल्याच लोकांनी हौसेने लावले होते. तलावाच्या पाळीवर कोणी बसायचे आणि कोणी नाही, हे ठरवणारी जातही ‘स्थानिक’च होती. शास्त्रज्ञाचे मापन आणि गावाचे निरीक्षण दोन्ही चुकू शकतात. म्हणूनच एकाने दुसऱ्याचे तपासण्याची सोय हवी. गोंदियातील सारस पक्ष्यांची उन्हाळ्यात होणारी गणना मला त्या दृष्टीने आवडते. स्वयंसेवक, वनखाते आणि ज्यांच्या धानात सारस घरटे करतो ते शेतकरी एकाच पहाटे ठरलेल्या ठिकाणी उभे राहून मोजतात, त्यामुळे आकडा कोणा एकाचा राहत नाही आणि पुढे घरटे जपायची वेळ येते तेव्हा शेतकरी ते आपलेच मानतो.

नागपूरसाठी यातून काय घ्यावे, याविषयी गेल्या उन्हाळ्यात एका बैठकीत मी काही सुचवले होते. अध्यक्षांनी ‘उत्तम सूचना’ म्हणून ते लिहून घेतले आणि इतिवृत्तात ते आले नाही. म्हणून येथे लिहितो. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गोरेवाडा, गांधीसागर अशा प्रत्येक तलावाची एक नोंदवही असावी आणि ती कार्यालयाच्या कपाटात न राहता तलावाजवळच्या वाचनालयात किंवा शाळेत उघडी असावी. पाण्याची पातळी, रंग, जलपर्णी, मेलेले मासे, सांडव्यासमोर आलेला राडारोडा यांच्या नोंदी शेजारच्यांनी कराव्यात, आणि महिन्यातून एकदा संबंधित अभियंत्याने त्याच पानावर उत्तर लिहावे, ‘आपले म्हणणे बरोबर नाही’ असे असले तरी कारणासह. नीरीसारख्या संस्थेतील संशोधकाने वर्षातून एकदा त्या पानांवरून जे निष्पन्न झाले ते मराठीत, त्याच वाचनालयात सांगावे. नोंदी करणाऱ्याला मानधन द्यावे. फुकटच्या निरीक्षणाला आपण फुकटचीच किंमत देतो.

नाग नदीची नोंदवही मात्र शहरात संपू नये. तिचे पहिले पान लाव्ह्याला आणि शेवटचे गोसीखुर्दच्या काठावर असावे, आणि भांडेवाडीच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे दर महिन्याचे आकडे भंडाऱ्याच्या मासेमार सोसायट्यांना मराठीत, कागदावर, न मागता पोहोचावेत. त्या सोसायट्यांनी उलट पाठवलेल्या निरीक्षणांना महानगरपालिकेने पंधरा दिवसांत उत्तर द्यावे, अशी अट नदी शुद्धीकरणाच्या कंत्राटातच घालता येईल. कंत्राटात अट असली की तिचे लेखापरीक्षण होते, आणि लेखापरीक्षक एवढाच प्रश्न विचारतो: उत्तराची प्रत कुठे आहे?